तंट्यापासून करारापर्यंत: प्रस्तावना

भांडण मागण्यांचे दिसते. पण प्रत्येक मागणीमागे एखादी गरज किंवा भीती उभी असते. दोन मागण्या एकमेकींच्या आड आल्या, तरी त्यांच्यामागच्या गरजा आड येतीलच असे नाही. मेरी पार्कर फॉलेट यांनी हा विचार १९२०च्या दशकातच मांडला होता. त्याला शिकता-शिकवता येईल अशा पद्धतीचे रूप देण्यात रॉजर फिशर (१९२२–२०१२) यांचे आयुष्य गेले.

दुसऱ्या महायुद्धात फिशर अमेरिकी वायुसेनेत हवामानाची टेहळणी करीत होते. त्या युद्धात त्यांचे अनेक मित्र गेले. राष्ट्राराष्ट्रांतील तंटे मिटवण्याचा याहून शहाणा मार्ग शोधायचा, हा ध्यास त्यांनी तिथूनच घेतला. पुढे ते हार्वर्डमध्ये कायदा शिकवू लागले आणि १९८१मध्ये विल्यम युरी यांच्यासह त्यांनी ‘गेटिंग टू येस’ हे पुस्तक लिहिले.

या विचाराचा कस त्याआधीच, इजिप्त आणि इस्रायल यांच्या कॅम्प डेव्हिड येथील बोलण्यांत लागला होता. १९६७च्या युद्धात इस्रायलने इजिप्तचे सिनाई घेतले होते. इजिप्तला आपल्या भूमीचा एक इंचही सोडायचा नव्हता. इस्रायलला आपल्या सीमेला भिडलेले इजिप्तचे रणगाडे नको होते. नकाशावर कुठेही रेघ ओढली तरी दोघांचे समाधान होत नव्हते. पण एकाची गरज सार्वभौमत्वाची होती, दुसऱ्याची सुरक्षिततेची. म्हणून सिनाई इजिप्तला परत द्यायचे आणि त्याच्या मोठ्या भागात सैन्यावर कडक मर्यादा घालायच्या, हा तोडगा निघाला. सप्टेंबर १९७८मधील त्या तेरा दिवसांत अमेरिकी मध्यस्थांनी एकच मसुदा दोघांपुढे ठेवला. ‘हे मान्य आहे का?’ असे न विचारता ‘यात काय खटकते?’ असे विचारत त्यांनी तो पुन्हा पुन्हा लिहिला. पॅलेस्टिनी जनतेचा प्रश्न मात्र तिथे झालेल्या करारांनी सुटला नाही.

वाटाघाटींच्या या शास्त्राच्या मर्यादाही अभ्यासकांनी दाखवल्या आहेत. हॉवर्ड रायफा यांनी १९८२मध्ये दाखवून दिले की, दोघांच्या फायद्याचे काही निर्माण केल्यावरही त्याची वाटणी उरतेच आणि तिथे ओढाताण अटळ असते. दुबळ्या पक्षाने काय करावे, यावर फिशर आणि युरी यांचे उत्तर असे: बोलणी फिसकटली तर आपल्या हाती काय उरेल, ते आधी पाहा आणि तो पर्याय बळकट करा. गोड बोलण्यापेक्षा ही तयारी अधिक कामाला येते.

भारतात २०२३मध्ये मध्यस्थी कायदा झाला. त्यामुळे वकील, समुपदेशक, कामगार कार्यकर्ते आणि गावातल्या तंटामुक्ती समितीचे सदस्य या सर्वांना हा विषय आता अधिक जवळचा ठरावा. त्यांच्याकडे अनुभवाचा तोटा नाही. त्या अनुभवाला पद्धतीची जोड हवी. समेट हा सज्जनांनाच साधतो, असा आपला समज असतो. एकमेकांवर विश्वास नसलेल्या माणसांनाही तो साधता येतो, हे या शास्त्राचे सांगणे आहे. ज्यांना त्याची पारख करायची आहे, त्या सर्वांचे या अभ्यासात मनापासून स्वागत.