रोगी कोण?

फिर्याद घेऊन कचेरीची पायरी चढलेल्या माणसाची कैफियत ऐकून घ्यावी आणि अखेरीस त्याच्याच प्रकृतीत दोष असल्याचा निवाडा त्याच्या हाती द्यावा, असा प्रकार न्यायाच्या दप्तरात सहसा आढळत नाही. परंतु पतीच्या मारहाणीविरुद्ध दाद मागणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला तो आला, आणि तोही एका प्रगत देशात, विद्वान वैद्यांच्या हातून, शास्त्राच्या नावाने आला. कौटुंबिक हिंसेच्या मानसशास्त्राचा इतिहास सांगू जाणाऱ्याला या प्रसंगापाशी थांबावेच लागते. कारण उपचार कोणता करावा यापेक्षा रोगी कोणाला म्हणावे याच प्रश्नावर या विद्येची सारी उलथापालथ झाली आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, फ्रॅमिंगहॅम येथे, न्यायालयाला जोडलेले एक मनोविकार चिकित्सालय होते. पत्नीवर हात उचलल्याबद्दल ज्यांच्यावर फिर्यादी झाल्या होत्या, असे पुरुष तेथे तपासणीसाठी पाठविले जात. स्नेल, रोझनवाल्ड आणि रोबी या तीन मनोविकारतज्ज्ञांनी अशा १२ कुटुंबांचा अभ्यास करून १९६४ साली एक निबंध प्रसिद्ध केला. आरोपी पुरुष असताना निबंधाचे शीर्षक मात्र ‘मारकुट्या नवऱ्याची बायको’ या अर्थाचे होते. आपल्या घरात काही बिघडले आहे हेच पुरुषांना मान्य नव्हते आणि स्त्रिया बोलावयास तयार होत्या. तेव्हा जो बोलेल त्याची तपासणी, या न्यायाने चिकित्सेचा सारा रोख फिर्यादी स्त्रीकडे वळला. ती कर्तबगार आहे, आक्रमक आहे, पुरुषी वळणाची आहे, शृंगारात थंड आहे, आणि नवऱ्याचा मार तिच्याच मनाची एखादी सुप्त गरज भागवून संसाराचा तोल सांभाळीत आहे, असा निष्कर्ष निघाला. वर्षानुवर्षे मुकाट्याने सोसणाऱ्या यांतील काही स्त्रिया, वयात येऊ लागलेला मुलगा आईबापांच्या मध्ये पडू लागल्यावर न्यायालयाकडे वळल्या होत्या. निबंधकारांना त्यात संसाराचा तोल ढळलेला दिसला. पोटच्या पोराच्या अंगावर घाव पडेल या भयाने आई घराबाहेर धाव घेते, हे समजण्यासाठी मनोविश्लेषणाची पदवी लागत नाही. पण तेथे ती पदवीच आड आली.

हा दृष्टिदोष त्या तिघांचा वैयक्तिक नव्हता. फ्रॉइडने १९२४ साली पीडेत सुख शोधणाऱ्या वृत्तीचा एक प्रकार स्त्रीस्वभावाशी जोडला होता, आणि हेलेन डॉइच या विदुषीने १९४४ साली स्त्रीच्या मानसशास्त्रावरील आपल्या ग्रंथात तो विचार विस्ताराने मांडला होता. वस्तुतः साध्या डोळ्यांनी पाहणाऱ्या स्त्रियांना सत्य त्याच्या फार आधी दिसले होते. फ्रान्सेस पॉवर कॉब यांनी १८७८ साली इंग्लंडातील पत्नीछळावर लेख लिहिला, आणि त्याच वर्षी तेथे असा कायदा झाला की पत्नीवर गंभीर हल्ला केल्याचे शाबीत झालेल्या पतीपासून तिला विभक्त राहण्याचा व पोटगी मिळविण्याचा हुकूम मॅजिस्ट्रेटला देता यावा. आपल्याकडे बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून, जे दुर्गुण स्त्रीच्या माथी मारले जातात ते पुरुषात नाहीत काय, असा रोखठोक सवाल टाकला. कॉब यांनी आणि ताराबाईंनी जे ओळखले होते, ते विसाव्या शतकातील विद्येने विसरून दाखविले.

विस्मृतीचा हा पडदा फाडला तो पीडित स्त्रियांच्या आश्रयगृहांनी. १९७१ साली लंडनच्या चिझिक भागात असे एक घर उघडले आणि पुढे ठिकठिकाणी त्याचे अनुकरण झाले. १९७९ साली मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी सुमारे १२० स्त्रियांच्या हकिकतींवरून हिंसेचे एक चक्र मांडले: आधी ताण साठत जातो, मग स्फोट होतो, आणि त्यानंतर क्षमायाचना, शपथा व लाडीगोडीचा काळ येतो, जो स्त्रीला पुन्हा आशेच्या खुंटीला बांधून ठेवतो. ती निघून का जात नाही याचे उत्तर त्यांनी मानसशास्त्रज्ञ सेलिगमन यांच्या कुत्र्यांवरील प्रयोगांत शोधले. जे काही केले तरी विजेचे धक्के चुकत नाहीत असा अनुभव आलेला प्राणी पुढे मोकळी वाट दिसूनही हलत नाही. या उपपत्तीने स्त्रीवरचा दोष काढला, पण दुबळेपणाचा शिक्का मात्र तिच्यावरच राहिला. गोंडॉल्फ आणि फिशर या संशोधकांनी टेक्सासमधील आश्रयगृहांत आलेल्या ६,००० हून अधिक स्त्रियांची माहिती तपासून १९८८ साली दाखविले की स्त्री हातपाय गाळून बसत नाही. ती नातलग, पोलीस, धर्मगुरू, डॉक्टर अशी अनेक दारे ठोठावते, आणि दारेच उघडत नाहीत. पदरी पैसा नसणे, माहेरची वाट बंद असणे, मुलांचा पाश आणि निघून गेल्यास जिवावर बेतण्याची भीती, ही तिच्या थांबण्याची कारणे मनोविकारात मोडत नाहीत.

तरीही जुना ग्रह सहजासहजी मरत नव्हता. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत रोगसूचीत स्वपीडक व्यक्तिमत्त्व नावाचा विकार घालण्याचा प्रस्ताव १९८५ च्या सुमारास पुढे आला. स्त्रियांनी कडाडून विरोध केल्यावर १९८७ साली त्याला नाव बदलून परिशिष्टात जागा मिळाली, आणि १९९४ च्या आवृत्तीतून तो अखेर वगळला गेला.

दरम्यान चिकित्सा योग्य माणसापर्यंत पोहोचू लागली होती. बोस्टनमध्ये १९७७ साली ‘इमर्ज’ या संस्थेने मारहाण करणाऱ्या पुरुषांसाठी काम सुरू केले, आणि मिनेसोटातील डुलुथ या गावी १९८१ पासून पोलीस, न्यायालय व समुपदेशक यांनी एकजुटीने अशी पद्धत बसविली की पुरुषाने गटात बसून आपल्या कृत्याचा हिशेब द्यावा. रागाच्या भरात भान सुटले, ही सबब तेथे मानली जात नव्हती. कारण साहेबापुढे आवरणारा राग बायकोपुढेच कसा अनावर होतो, याचा जाब त्यालाच द्यावयाचा होता. या पद्धतीचे फळ अपेक्षेहून थोडे आले, हेही सांगितले पाहिजे. २००४ साली २२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा अशा कार्यक्रमांचा परिणाम अल्पच आढळला. मारहाणीच्या मुळाशी सत्ता गाजविण्याची हौस असते, असे या पद्धतीचे गृहीत होते; हे एकच कारण सर्वांना लागू पडत नाही, हे डुलुथच्या एलन पेन्स यांनी स्वतःच पुढे मान्य केले. ज्या विद्येने एकेकाळी पीडितेला दोषी ठरविले, तिने आपल्याच उपायाची मर्यादा उघडपणे कबूल करावी, ही मला तिची खरी प्रगती वाटते.

आपल्या इलाख्यात हे काम पोलीस कचेरीतून आणि इस्पितळातून उभे राहिले. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. १९९३ साली ‘मावा’ या संघटनेच्या रूपाने पुरुषच पुरुषांशी बोलू लागले. आणि २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महानगरपालिका व ‘सेहत’ ही संस्था यांनी मिळून ‘दिलासा’ केंद्र स्थापन केले. जिन्यावरून पडले, भांडे लागले, असे सांगणाऱ्या बाईच्या जखमेकडे पाहून पुढचा प्रश्न हळुवारपणे कसा विचारावा, याचे शिक्षण तेथे डॉक्टरांना आणि परिचारिकांना मिळू लागले.

शेवटी कायदा आला. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा २००५ चा अधिनियम २६ ऑक्टोबर २००६ रोजी अमलात आला, आणि त्याच्या नियमावलीतील समुपदेशनाविषयीच्या चौदाव्या नियमाने दोन गोष्टी घालून दिल्या: ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने हिंसा पुन्हा न करण्याची हमी समुपदेशकाला द्यावी, आणि आपल्या कृत्याचे कोणतेही समर्थन येथे ऐकले जाणार नाही, हे त्याला कामकाज सुरू होण्यापूर्वीच सांगितले जावे. फ्रॅमिंगहॅमच्या निबंधापासून या नियमापर्यंत पोहोचण्यास ४२ वर्षे लागली. ‘तूच काही बोलली असशील’ असे म्हणून तडजोडीच्या बैठकीला बसणाऱ्या प्रत्येक वडीलधाऱ्याने, समुपदेशकाने आणि अंमलदाराने तो नियम एकदा मोठ्याने वाचावा, आणि मगच त्या स्त्रीकडे तोंड वर करून पाहावे.