रूळ झिजतो कसा आणि राखतो कोण

वाशीच्या खाडीवरून लोकल धावू लागली ती १९९२ च्या मे महिन्यात. १९९८ साली ती पनवेलला पोचली, २००४ साली ठाणे वाशीला जोडले गेले आणि २०२४ साली गाडी उरणपर्यंत गेली. आमचे हे शहर रुळांच्या आधाराने वाढले. परंतु गाडीला उशीर झाला की घड्याळ पाहणारे आपण, तिच्या खालच्या लोखंडाकडे सहसा पाहत नाही. त्या लोखंडाच्या झिजेची हकीकत आज सांगावयाची आहे.

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही २१ मैलांची वाट उघडली, त्या काळी रूळ घडीव लोखंडाचे असत. ते मऊ, म्हणून लवकर झिजत. त्यावर इंग्लंडातील इंजिनिअरांनी आधीच एक युक्ती काढली होती. रुळाला वर आणि खाली असे दोन माथे द्यावयाचे. वरचा झिजला की रूळ उलटा करावयाचा. कागदावर हिशेब बिनचूक होता. प्रत्यक्षात खालचा माथा ज्या लोखंडी बैठकीत बसे, तिचे घाव लागून तोही निकामी होई. पुढे १८५७ साली डर्बी स्टेशनात पोलादाचा रूळ टाकून पाहिला. तेथे लोखंडी रूळ सहा महिन्यांत बदलावा लागे. हा पोलादी रूळ १८७३ पर्यंत टिकला.

झिजेची कारणे तीन जागी पाहावीत. वळणावर चाकाची कड बाहेरच्या रुळाला घासते. म्हणून तेथे वंगण देतात आणि बाहेरचा रूळ उंच ठेवतात. स्टेशनाजवळ ब्रेक लागून आणि गाडी सुटताना माथा झिजतो. आणि खाडीकाठी खारी हवा रुळाचा पाया खाते. माथा चकचकीत दिसतो, पाया गंजत असतो.

आता आयुष्याचा अंदाज वर्षांनी नव्हे, रुळावरून गेलेल्या वजनाने बांधतात. मीटरला ६० किलो वजनाच्या नेहमीच्या रुळाने सुमारे ८० कोटी टन भार सोसला, की तो बदलण्याचा विचार करावयाचा. पण पोलाद जितके कठीण, तितकी झीज कमी आणि चिरांना वाव अधिक. मऊ रुळावरची बारीक चीर झिजेबरोबर निघून जाई. कठीण रुळात ती आत उतरते. म्हणून माथा यंत्राने घासतात आणि कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडून पोटातली चीर शोधतात.

एवढे करून अपघात टळतो काय? १७ ऑक्टोबर २००० रोजी इंग्लंडात हॅटफील्डजवळ अशाच चिरांनी रूळ फुटला आणि चार माणसे मेली. दोष आधीच कळला होता. नवे रूळही महिनोन् महिने वाटेकडेला आणून टाकलेले होते. बसवले मात्र नव्हते. भाकीत खरे ठरले, ते कोणी मानले नाही एवढेच.

असे आम्ही जवळूनही पाहिले आहे. हातोडा आणि पाना घेऊन रोज आपला टप्पा पायी तपासणारा एक कीमन होता. एका जोडाबद्दल त्याने तीनदा कळवले. थंडीत लोखंड आकसते. एका पहाटे तो जोड तुटला. लाल झेंडी दाखवून गाडी थांबवली ती त्यानेच. चौकशीत साहेबांनी विचारले, "आधी का नाही सांगितलंस?" आम्ही त्याची वही टेबलावर ठेवली. तीन तारखा होत्या. साहेबांनी वही मिटली आणि विषय बदलला.

यंत्रे यावीत, आम्ही त्यांच्या विरोधात नाही. ती आत पाहतात, माणूस भोवताली पाहतो. परंतु दोघांनी सांगितल्यावर रूळ बदलण्यास माणसे हवीत आणि वेळ हवा. धावत्या गाड्यांमध्ये काम करताना गँगमनांचे जीव जातात. म्हणून रविवारी मेगाब्लॉक लागला आणि लग्नाला पोचण्यास उशीर झाला, तर थोडे सोसा. आणि ब्लॉक रद्द होऊन गाड्या तशाच धावल्या, तर मात्र जरूर विचारा, की ते काम आता केव्हा होणार.