पाठीवरचे सिलिंडर आणि भरवशाचा प्रश्न

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाचं समुद्राच्या तळाशी काय काम? काम आहे ते वादाचं. आपल्या न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. सत्य कळावं म्हणून होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याची मोडायची ती वितंडा. खोल समुद्रात बुडालेल्या जहाजांच्या आत शिरणाऱ्या पाणबुड्यांमध्ये, अंगावर कोणतं सामान कसं बांधावं यावरून गेली तीस-पस्तीस वर्षं जे चाललं आहे, त्यात हे तिन्ही सापडतात. जल्प आणि वितंडा आपण बाजूला ठेवू. वाद तेवढा बघू, कारण त्यात माणसांचे जीव गेलेले आहेत.

आधी थोडं गणित. पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे ७० मीटरवर दाब आठपट. वर मिनिटाला २० लिटर हवा लागणाऱ्या माणसाला तिथे १६० लिटर लागते. १२ लिटरचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरला तर त्यात २४०० लिटर हवा मावते, म्हणजे तिथे ती पंधरा मिनिटं पुरेल. शिवाय सरळ वर येता येत नाही, वाटेत ठरावीक खोलीवर थांबत थांबतच यावं लागतं. आणि साधी हवा घेऊन गेलात तर एवढ्या खोलीवर नायट्रोजनची गुंगी चढते, डोकं जड होतं. म्हणून पुढे त्यात हेलियम मिसळू लागले. थोडक्यात, विचार करण्याची सगळ्यात जास्त गरज असते, तिथेच विचार सगळ्यात कमी चालतो.

आता यातला पहिला पक्ष. तो समुद्रातला नाहीच, फ्लोरिडातल्या पाण्याने भरलेल्या गुहांमधला आहे. शेक एक्स्ले या गुहा-पाणबुड्याने १९७९ मध्ये एक लहानसं पुस्तक लिहिलं. त्याची पद्धत मला फार मोलाची वाटते. त्याने उपदेश केला नाही, तो मेलेल्यांपासून सुरू झाला. हा का मेला? तो का मेला? उत्तरं पुन्हा पुन्हा तीच येत होती: बाहेरपर्यंत सलग दोरी नव्हती, परतीसाठी पुरेशी हवा राखली नव्हती, झेपेल त्यापेक्षा खोल गेले होते. हवेचा नियम असा, की एक तृतीयांश जाताना, एक तृतीयांश येताना, आणि उरलेला तिसरा भाग राखीव. हा तिसरा भाग स्वतःपुरता नसतो. अगदी टोकाला सोबत्याची हवा गेली, तर दोघांना बाहेर पडता यावं म्हणून तो असतो.

याच गुहांमध्ये बिल हॉगार्थ मेन यांच्या नावाने ओळखली जाणारी रचना घडली. पाठीवर जोड-सिलिंडर, त्यांना जोडणारी नळी आणि मध्ये बंद करता येणारी झडप. एक रेग्युलेटर बिघडला तर त्याची झडप बंद करायची, दुसऱ्यावरून दोन्ही सिलिंडरची हवा मिळते. तोंडात जो रेग्युलेटर, त्याची नळी दोन मीटरची, कारण सोबत्याला द्यायचा तो हाच, आणि अरुंद वाटेत एकामागोमाग एक जाता आलं पाहिजे. आपल्यासाठी दुसरा हनुवटीखाली गळ्यात अडकवलेला. जे लागणार नाही ते अंगावर नको, आणि गटातल्या सगळ्यांचं सामान सारखं. १९९०च्या दशकात या विचाराला 'डूइंग इट राइट' हे नाव मिळालं. म्हणजे 'बरोबर करणं'. आता आपल्या पक्षाचं नावच 'बरोबर' ठेवलं, की वादाचा जल्प व्हायला कितीसा वेळ लागणार?

दुसरा पक्ष अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचा. तिथे 'आंद्रेआ डोरिया' हे इटालियन प्रवासी जहाज आहे. १९५६ च्या जुलैमध्ये टक्कर होऊन ते नॅनटकेटजवळ बुडालं आणि साधारण ७० मीटरवर कुशीवर पडलं आहे. तिथे उतरून डझनाहून अधिक पाणबुडे मेले. पाणी थंड, गढूळ, ओढ जबरदस्त, आत लोंबणाऱ्या तारा आणि बाहेर मासेमारीची जाळी. अशा ठिकाणी सोबती चार हातांवर असला तरी दिसत नाही. म्हणून तिथल्या जुन्या लोकांनी एकट्याचं शास्त्र केलं: मुख्य सिलिंडरखेरीज स्वतंत्र रेग्युलेटर असलेला एक छोटा सिलिंडर, किंवा एकमेकांना न जोडलेले दोन. जोडणारी नळीच नाही, तर ती फुटायची भीती नाही. दुसऱ्याकडून घ्यायचं नाही, म्हणून लांब नळीचं अगत्यही नाही.

बारीक मुद्देही होते, आणि ते पोकळ नव्हते. जहाजात छताला घासत पुढे सरकताना डाव्या झडपेची मूठ फिरून ती आपोआप बंद होऊ शकते. ज्या कडीत दोरी नुसती दाबली की आत शिरते, ती कडी जाळ्यात माणसाला अडकवते. धातू धातूला जोडू नये, मध्ये सुतळी असावी, म्हणजे वेळ आली तर कापता येते. पुढे सिलिंडर काखेखाली लावण्याची पद्धत आली. अरुंद जागेत ती सोयीची, झडपाही डोळ्यांसमोर राहतात. पण डोलणाऱ्या बोटीवर तो सगळा संसार अंगावर चढवणं जिकिरीचं.

आता हे दोन्ही पक्ष एकाच जहाजावर आले ती गोष्ट. १९९१ मध्ये न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर, सुमारे ७० मीटरवर, दुसऱ्या महायुद्धातली एक जर्मन पाणबुडी सापडली. कोणती, ते कुणालाच माहीत नव्हतं. तिच्यावर तीन पाणबुड्यांचा जीव गेला. त्यातले दोघे बाप-लेक, १९९२ मध्ये गेले. दोघे गुहांमध्ये तयार झालेले, सामान चोख. पण त्या दिवशी श्वासासाठी साधी हवा होती. मुलगा आत अडकला, बापाने त्याला सोडवलं, आणि दोघे न थांबता वर आले. सामानाची मांडणी बरोबर असूनही माणूस मरतो, हे पहिल्या पक्षाने लक्षात ठेवावं.

दुसरी बाजू बघा. १९९७ मध्ये जॉन चॅटरटन एकच सिलिंडर घेऊन त्या पाणबुडीत शिरला. वाट इतकी अरुंद होती, की सिलिंडर अंगावरून काढून पुढे ढकलत जावं लागलं. सुट्या भागांची पेटी मिळाली, तिच्यावरच्या पट्टीवरून 'यू-८६९' हे नाव नक्की झालं. परतताना त्याची हवा संपत आली होती. कोणत्याही नियमात हे बसत नाही. मग तो बरोबर होता का? इथे तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याने थांबायला हवं. तो वाचला एवढ्यावरून पद्धत योग्य ठरत नाही. वाचलेला माणूस स्वतःची गोष्ट सांगतो, मेलेल्याची कुणीतरी शोधून काढावी लागते. म्हणून एक्स्लेची पद्धत मोलाची.

मला या वादातून एक गोष्ट दिसते. नळीची लांबी किती हा मूळ प्रश्न नाहीच. मूळ प्रश्न असा, की शुद्ध हरपत असताना मी कुणाच्या भरवशावर आहे? लांब नळी म्हणते, सोबत्याच्या. वेगळा सिलिंडर म्हणतो, माझ्या स्वतःच्या. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी सुसंगत आहेत. घातक आहे ती सरमिसळ: सामान सोबत्याच्या भरवशाचं बांधायचं आणि उतरायचं मात्र एकट्याने. किंवा दोघांनी उतरायचं, आणि कुणाचा रेग्युलेटर कुठे हे एकमेकांना ठाऊक नाही.

म्हणून सामानाचा वाद किनाऱ्यावर घालायचा असतो, डोकं जागेवर असताना, आणि ज्याच्यासोबत उतरायचं त्याच्याशीच. तो वाद आहे की जल्प, हे ओळखायची खूण सोपी आहे. सत्तर मीटर खाली ज्याच्या तोंडातली हवा तुम्हाला मागावी लागणार आहे, त्याला हरवून तुमच्या हाती काय लागणार?