पिस्तूल रुळवताना : तेल, मेण आणि करवीरचा पावसाळा

आजच्या विषयाचं नाव ऐकून काही जण जरा दचकले असतील. नवीन पिस्तूल घेतलं की ते रुळवायचं कसं, त्याला तेल किती आणि कुठं द्यायचं, हा इतिहासाच्या व्याख्यानाचा विषय होतो का? माझं म्हणणं असं की होतो, आणि कोल्हापुरात तर नक्कीच होतो.

'रुळवणे' हा शब्द आपल्याला शिकवावा लागत नाही. नवी कोल्हापुरी चप्पल पहिल्या दिवशी चावते. मग तिला तेल लावायचं, घरातल्या घरात घालून फिरायचं आणि आठ-पंधरा दिवसांत ती पायाची होते. दुकानातून आणतो ती वस्तू आणि वापरून आपली होते ती वस्तू, यात अंतर असतं. हत्याराच्या बाबतीत हे अंतर जिवाशी गाठ घालणारं असतं. म्हणून ज्यांनी हत्यारं वापरली, त्यांनी तेल-मेणाचे नियम लिहून ठेवले.

यातलं सर्वांत महत्त्वाचं लिखाण आपल्याच राज्यातलं आहे. १७१५ च्या सुमारास, करवीरची गादी पन्हाळ्यावर असताना, आज्ञापत्र लिहिलं गेलं. त्याचं कर्तृत्व परंपरेनं रामचंद्रपंत अमात्यांकडे जातं. राजनीतीचा ग्रंथ म्हणून आपण ते वाचतो. पण त्यातलं दुर्गांचं प्रकरण कोठीवाल्याच्या नजरेनं वाचून बघा. दारूखाना राहत्या घराजवळ नको. त्याला सर्दी लागू द्यायची नाही. हवालदारानं आठ-पंधरा दिवसांनी यायचं, दारू आणि बाण बाहेर काढून ऊन द्यायचं आणि पुन्हा मोहोर करून ठेवायचं. पावसाळ्यात तोफांना तेल-मेण द्यायचं आणि तोफेचा काना, म्हणजे बत्ती द्यायचं भोक, मेणानं बुजवायचं. तोफेवर आच्छादन घालायचं.

आता पन्हाळ्याचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. महिनो‌न्‌महिने धुकं, भिंती पाझरतात, लाकडाला बुरशी धरते. तिथं नुसतं 'हत्यार नीट ठेवा' असं म्हणून चालत नाही. कुणी यायचं, किती दिवसांनी यायचं, काय लावायचं, हे ठरवावं लागतं. आज ज्याला आपण देखभालीचं वेळापत्रक म्हणतो ते हेच. यात एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. तेल आणि मेण यांची कामं वेगळी आहेत. तेल पसरतं आणि धातूवर पातळ थर धरतं. मेण जागेवर बसतं आणि भोक बंद करतं. एकाचं काम दुसऱ्याला सांगितलं की बिघाड आलाच.

खंडेनवमीकडेही मी याच नजरेनं बघतो. हत्यारं काढायची, घासायची, तेल द्यायचं, पुजायची. हे कधी? पावसाळा संपता संपता, मोहिमेच्या आधी. चार महिन्यांच्या दमट हवेनं जे गंजलं असेल ते त्या दिवशी उघडं पडायचं. शिकलगार मंडळींचा धंदाच धार लावण्याचा आणि हत्यार उजळण्याचा. पूजेच्या निमित्तानं वार्षिक तपासणी होत होती, असं मी म्हणेन.

ही व्यवस्था मोडली कधी? १८४४ साली. गडकऱ्यांचे वंशपरंपरागत हक्क आणि जमिनी यांवर गदा आली तेव्हा सामानगड, भुदरगड, पन्हाळा इथले गडकरी उठले. इंग्रजांनी तो उठाव मोडला आणि गडांवरच्या त्या जुन्या फौजा गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या तोफांना तेल-मेण देणारे हातच गडावरून उतरले.

त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांत वंगण हा साऱ्या हिंदुस्थानच्या चर्चेचा विषय झाला. १८५७ ची काडतुसं आपण शाळेत शिकतो. गाईची आणि डुकराची चरबी, धर्मभ्रष्टता, सगळं पाठ असतं. पण मुळात काडतुसाला चरबी लावायची गरज काय, हे सहसा कुणी विचारत नाही. एनफिल्ड रायफलच्या नळीत आतून आटे होते. गोळी तोंडाकडून ठासून भरायची. काळी दारू जळली की तिचा निम्म्याहून अधिक भाग काजळी आणि क्षार होऊन मागं राहतो. चार-सहा बार झाले की ही राख घट्ट बसते आणि पुढची गोळी आत सरकत नाही. चरबी किंवा मेण त्या राखेला मऊ ठेवायचं. म्हणजे वंगण हा चैनीचा भाग नव्हता, त्याच्याशिवाय ती रायफल भर लढाईत निकामी झाली असती. पुढं मेण आणि तेलाचं मिश्रण चालेल, शिपायांनी स्वतः लावावं, असं कंपनी सरकारनं सांगितलं. पण तोवर विश्वास उडाला होता. यंत्राला लागणारं वंगण सापडलं, माणसांमधलं नाही सापडलं.

३१ जुलै १८५७ च्या रात्री कोल्हापुरात २७ व्या पलटणीतले शिपाई उठले. डिसेंबरात शहरात पुन्हा उठाव झाला, कर्नल जेकबनं तो चिरडला आणि राजांचे बंधू चिमासाहेब यांना कराचीला नेऊन ठेवलं. कोल्हापूरच्या उठावाचं कारण एकट्या काडतुसात शोधू नका. संस्थानावरचा इंग्रजी अंमल, गडकऱ्यांची जखम, दत्तक नामंजूर करण्याचं धोरण, हे सगळं त्यात होतं. पण वापरणाऱ्याला न विचारता हत्याराचं वंगण ठरवलं तर काय होतं, याचा एवढा मोठा धडा दुसरा नाही.

आता तेलाकडे वळू. जुन्या काळी बंदुकीला जनावरांचं नाहीतर वनस्पतींचं तेल लावत. त्यात अडचण काय? कढईच्या कडेला जुनं तेल कसं चिकटून बसतं बघा. जवसाचं किंवा करडईचं तेल हवेत राहिलं की सुकतं आणि त्याची साय धरते. बंदुकीच्या चापात अशी साय धरली की चाप अडकला. एकोणिसाव्या शतकात ब्रह्मदेशातलं खनिज तेल आलं, आणि 'रंगून ऑइल' हे नाव बंदुकवाल्यांच्या तोंडी बसलं. खनिज तेल सुकून चिकट होत नाही, हा त्याचा मोठा गुण.

तरी तेलानं सगळं भागत नव्हतं. पुढच्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार झाल्यावर त्याचा क्षार नळीत उरायचा, अगदी मिठासारखा. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तसाच तो हवेतली ओल ओढायचा आणि एका रात्रीत नळी गंजायची. मीठ तेलात विरघळत नाही. म्हणून .३०३ रायफलवाले शिपाई आधी उकळतं पाणी ओतायचे, मग पुलथ्रूला चिंधी बांधून नळी कोरडी करायचे आणि मग तेल द्यायचे. पाणी, चिंधी, तेल. हा क्रम चुकला की मेहनत वाया.

आपोआप भरणारं पिस्तूल आलं तेव्हा प्रश्न बदलला. आता बाराच्या जोरावरच स्लाइड मागं जाते, रिकामं टरफल बाहेर फेकते आणि पुढं येताना नवं काडतूस आत घालते. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. १९११ साली अमेरिकी लष्करानं ब्राउनिंगच्या पिस्तुलाची चाचणी घेतली. दोन दिवसांत एकाच पिस्तुलातून ६००० बार. दर हजाराला साफसफाई आणि तेल. ते एकदाही अडलं नाही, आणि प्रतिस्पर्धी पिस्तूल ३७ वेळा अडलं. लक्षात घ्या, जिंकणाऱ्या पिस्तुलालाही तेल लागलंच.

आता आपल्या कोल्हापूरच्या नेमबाजांकडे या. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला रायफलच्या विश्वविजेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलमध्ये कांस्य घेतलं. पिस्तूल मात्र राही सरनोबत यांचं. २०१३ ला चांगवॉनच्या विश्वचषकात सुवर्ण, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण. त्या अंतिम फेरीत थायलंडच्या खेळाडूशी ३४-३४ अशी बरोबरी झाली आणि निकाल लागायला दोन शूटऑफ लागले.

या प्रकारातल्या रॅपिड टप्प्यात लक्ष्य ३ सेकंद खुलं असतं, मग ७ सेकंद बंद. अशा वेळी काडतूस अडकलं तर? नियमांत बिघाडाची तरतूद आहे, पंच बघतात, पुन्हा संधीही मिळू शकते. पण बिघाड तुमच्या निष्काळजीपणाचा निघाला तर सवलत नाही. आणि सवलत मिळाली तरी मोडलेली लय कोण परत देणार?

म्हणून नवं पिस्तूल थेट स्पर्धेला नेत नाहीत. चेंबर रिकामं आहे हे आधी स्वतः बघायचं, हा पहिला नियम. मग कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे ते खोलायचं. कारखान्यातून येताना गंज लागू नये म्हणून जाड ग्रीस लावलेलं असतं, ते पुसून काढायचं. स्लाइड ज्या पट्ट्यांवर घसरते तिथं पातळ तेलाचा थेंब, बस. चेंबरमध्ये नाही, काडतुसांवर नाही, कारण तेल टोपीत किंवा बुडाच्या मसाल्यात शिरलं तर बार फुसका जातो. मग रेंजवर सावकाश काही शे बार. नव्या पट्ट्यांवरचे यंत्रकामाचे बारीक ओरखडे झिजतात, स्प्रिंगा बसतात. हे .२२ चं पिस्तूल, त्याच्या काडतुसाचा जोर मुळात कमी. तेल जाड झालं किंवा जास्त झालं, त्यात काजळी कालवली गेली, की स्लाइड मंदावते आणि काडतूस अर्ध्यात अडतं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हात सैल सोडून तेल ओतायचा मोह होतो; तो आवरायचा.

आणि एक. .२२ च्या शिशाच्या गोळीवर आजही मेणासारख्या वंगणाचा पातळ थर असतो. नळीत तो थर एकसारखा बसेपर्यंत गोळ्या जरा विखुरतात. काडतुसाचा ब्रँड बदलला की पुन्हा तेच. म्हणून जाणकार नेमबाज एकच काडतूस धरून ठेवतात, आणि कुठल्या मॅगझिननं कितव्या बाराला दगा दिला ते वहीत लिहितात. पन्हाळ्याच्या तोफेच्या कान्यातलं मेण, एनफिल्डच्या काडतुसावरची चरबी आणि आजच्या खेळाडूच्या गोळीवरचा तो थर, ही एकाच गरजेची तीन रूपं आहेत.

आपल्याकडे पराक्रमाचा इतिहास भरपूर लिहिला जातो, सांभाळण्याचा फार कमी. तलवार कुणी चालवली हे आपल्याला ठाऊक असतं. ती कुणी उजळली, दारूला ऊन कुणी दिलं, त्यांची नावं नाहीत. पण ऐन वेळी हत्यार चाललं ते त्या हवालदारामुळं, जो भर पावसात पंधराव्या दिवशी दारूखान्याची मोहोर तपासायला गेला. पदक घेणाऱ्या खेळाडूला हे दोन्ही स्वतःच व्हावं लागतं, योद्धाही आणि हवालदारही. आपण टाळ्या पहिल्यासाठी वाजवतो. दुसऱ्यासाठीही वाजवायला हव्यात.

इथंच थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.