महूची छावणी : पडवीतून दिसणारी दोनशे वर्षे

महाबळेश्वरचे जुने नाव माल्कमपेठ. ज्या जॉन माल्कमच्या नावाने ती पेठ ओळखली गेली, त्यानेच मुंबईचा गव्हर्नर होण्याच्या नऊ वर्षे आधी माळव्यात एक छावणी वसवली. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांचा पराभव झाला. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला आणि त्याच वर्षी इंदूरच्या दक्षिणेला कंपनीच्या फौजेने तळ ठोकला. हेच महू. इंग्रजी अक्षरांची फोड करून या नावाचा लष्करी अर्थ हौसेने सांगितला जातो, पण नाव मुळात तिथल्या खेड्याचे आहे.

तंबूंच्या जागी पुढे बंगले आले. ‘बंगला’ हा शब्दच बंगालचा, तिकडच्या उतरत्या छपराच्या घरावरून पडलेला. साहेबाने त्याला उंच जोते दिले, मधल्या खोल्यांची उंची वाढवली आणि छप्पर चहूबाजूंनी खाली आणून खांबांवर टेकवले. कोकणी माणूस याला पडवीच म्हणेल. तिच्यामुळे उन्हाचा चटका आणि पावसाची झड आतल्या भिंतींपर्यंत पोचत नसे, आणि खोलीतली गरम हवा वरच्या झरोक्यांतून निघून जाई. पंख्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर येई आणि ती ओढणारा माणूस पडवीत बसे. वारा आत, घाम बाहेर. कापड दाखवणारा फेरीवाला, माप घेणारा शिंपी, अर्ज घेऊन आलेला शिपाई, सगळ्यांची कामे पडवीतच उरकत. स्वयंपाकघर मागे वेगळे, नोकरांच्या खोल्या त्याच्याही पलीकडे. कोणी कुठवर यायचे हे पडवी न बोलता सांगे.

१ जुलै १८५७ च्या रात्री ही शिस्त मोडली. सकाळी इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला होता. रात्री महूतल्या देशी पलटणी उठल्या आणि त्यांचा अधिकारी कर्नल प्लॅट मारला गेला. उठाव शमल्यावर छावणी पुन्हा उभी राहिली. १८७० च्या दशकात दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी दिलेल्या एक कोटी रुपयांच्या कर्जातून खंडवा–इंदूर रेल्वे झाली. पाताळपाणीचा घाट चढून मीटरगेजची गाडी महूला येऊ लागली.

याच सुमारास अमेरिकेतही घराभोवती वळसा घेणारी पडवी लोकप्रिय झाली होती. तिथे मात्र घराचा सांगाडा लाकडी आणि पडवीचे तोंड रस्त्याकडे. झुलत्या खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायची ती जागा. महूच्या पडवीसमोर असे ते आवार, आणि फाटक पार लांब. पुढे ‘बंगला’ हा शब्दही इंग्रजीतून अमेरिकेला पोचला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात साध्या, बैठ्या घरांना तेच नाव मिळाले.

बंगल्यांपासून दूर काळी पलटण होती, देशी शिपायांची वस्ती. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंबडवे गावचे सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिकवत. १४ एप्रिल १८९१ रोजी इथे त्यांच्या घरी भीमराव जन्मले. बंगल्यांच्या पडव्यांनी ठरवलेली हद्द हिंदुस्थानच्या गावकुसाला नवी नव्हती. त्या हद्दीशी आयुष्यभर भांडणारा माणूस छावणीच्या या टोकाला जन्मला.

स्वातंत्र्याच्या सुमारास महू लष्करी शिक्षणाचे गाव होऊ लागले. इन्फंट्री स्कूल आले, सिग्नल्सचे प्रशिक्षण आले. १९७१ मध्ये कॉलेज ऑफ कॉम्बॅट सुरू झाले आणि २००३ मध्ये ते आर्मी वॉर कॉलेज झाले. त्याच वर्षी शहराचे नाव डॉ. आंबेडकर नगर झाले.

देशभरच्या छावण्यांतले जुने बंगले टिकले ते काही निव्वळ प्रेमापोटी नव्हे. ‘ओल्ड ग्रांट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यवस्थेत जमीन सरकारची आणि वरचे बांधकाम धारकाचे. सरकारला जमीन परत घेता येते, आणि परवानगीवाचून धारकाला मोडतोड करता येत नाही की मजला चढवता येत नाही. म्हणून इतर शहरांत घरे पाडून इमारती उठल्या, तेव्हा छावणीतली पडवी राहून गेली. पण ज्या कायद्याने ती वाचवली, त्यानेच तिची डागडुजीही अवघड करून ठेवली. उद्या जमीन परत जाऊ शकते अशा घराच्या कौलांवर कोण पैसा घालणार?

काळ्या पलटणीतल्या जन्मस्थळी आज पांढरे संगमरवरी स्मारक उभे आहे. १४ एप्रिलला महाराष्ट्रातून आणि देशभरातून माणसे तिथे लोटतात. वाटेत त्यांना जुने बंगले दिसतात, पडव्या दिसतात. थांबत कोणी नाही. त्यांना पुढे जायचे असते.