तुटलेली तार आणि दोन वह्यांचा मेळ

१/ आगगाडी बोगद्यात शिरते, मोबाइलचे नेटवर्क नाहीसे होते, तरीही अर्धवट लिहिलेले टिपण शाबूत राहते. बोगदा संपला की तेच टिपण घरच्या संगणकावरही उमटते. ही सोय आज अंगवळणी पडली आहे. तिच्यामागे मात्र जवळजवळ पन्नास वर्षांचा एक वाद दडलेला आहे : एकाच नोंदीच्या दोन प्रती दोन ठिकाणी वेगवेगळ्या बदलल्या गेल्या, तर खरी कोणती मानायची?

२/ प्रश्न संगणकाहून जुना आहे. पेढीवर एक वही आणि वसुलीला गेलेल्या गुमास्त्याच्या पिशवीत दुसरी. तो परतेपर्यंत दोन्ही वह्यांत नोंदी होत राहतात. संध्याकाळी मेळ घालायला बसल्यावर तफावत सापडली, तर दोघे समोरासमोर बसून निवाडा करतात. यंत्रांना असे समोरासमोर बसता येत नाही. त्यांना निवाड्याचे नियम आधीच लिहून द्यावे लागतात. या धाग्याचा विषय म्हणजे त्या नियमांचा इतिहास.

३/ जानेवारी १९७५. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या आर्पानेटवर पॉल जॉन्सन आणि रॉबर्ट थॉमस यांनी एक टिपण प्रसिद्ध केले. आरएफसी ६७७ हा त्याचा क्रमांक. अनेक यंत्रांवर एकाच माहितीच्या प्रती आहेत आणि त्यांतील काही यंत्रे कधीही बंद असू शकतात, हे त्यांनी गृहीतच धरले. उपाय असा : प्रत्येक बदलावर वेळेचा शिक्का मारावा आणि दोन बदल भिडले तर नंतरचा ग्राह्य धरावा.

४/ याच टिपणात एक अवघड गोष्ट त्यांच्या ध्यानात आली : खोडणे. एका प्रतीतून नोंद पुसून टाकली, पण दुसऱ्या प्रतीला त्याचा पत्ता नाही. मेळ घालताना पहिल्या प्रतीला वाटेल की ही नोंद आपल्याकडे यायची राहिली आहे, आणि मेलेली नोंद पुन्हा जिवंत होईल. म्हणून नोंद पुसायची नाही, ‘ही खोडली आहे’ अशी खूण ठेवायची. पुढे या खुणेला ‘टूम्बस्टोन’, म्हणजे थडग्यावरचा दगड, असे नाव पडले. ऑफलाइन चालणाऱ्या अनेक प्रणाल्यांमध्ये आजही अशी थडगी असतात.

५/ पण वेळेचा शिक्का मारणारे घड्याळ कोणाचे? एखाद्या यंत्राचे घड्याळ दहा मिनिटे पुढे असेल, तर त्याची जुनी नोंदही दुसऱ्याच्या नव्या नोंदीवर मात करील. जॉन्सन आणि थॉमस यांच्या टिपणातील कार्यकारणाची हीच त्रुटी लेस्ली लॅम्पोर्ट यांना जाणवली. १९७८ च्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधाची प्रेरणा तिथलीच, हे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. घड्याळातील वेळेपेक्षा ‘कोणती घटना कोणत्या घटनेच्या आधी घडली’ हा क्रम त्यांनी महत्त्वाचा मानला आणि तो साध्या वाढत्या आकड्यांनी कसा राखता येईल ते दाखवले.

६/ १९८३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी पुढचे पाऊल टाकले. प्रत्येक प्रतीसोबत एक छोटी यादी ठेवायची : कोणत्या यंत्रावर किती बदल झाले. एका यादीत दुसरीतील सगळे बदल सामावलेले असतील, तर ती नवी. दोन्ही याद्यांत परस्परांना ठाऊक नसलेले बदल असतील, तर तो खरा संघर्ष. मिटवणे पुढची गोष्ट. आधी संघर्ष झाला आहे हे प्रामाणिकपणे ओळखता येऊ लागले.

७/ इथवर ताटातूट हा अपघात मानला जात होता. तिला नित्याची अवस्था मानून आखलेली एक मोठी प्रणाली म्हणजे कार्नेगी मेलन विद्यापीठातील ‘कोडा’. आयआयटी मद्रास येथे शिकलेले महादेव सत्यनारायणन यांच्या मार्गदर्शनाखाली १९८७ मध्ये तिचे काम सुरू झाले. संगणक आता पिशवीतून घरी नेता येऊ लागला होता. विद्यापीठाच्या जाळ्यातून बाहेर पडल्यावरही त्यावर काम सुरू राहावे, हा हेतू.

८/ कोडाने संगणकाच्या तीन अवस्था कल्पिल्या. पहिली साठवणीची : जोडणी असताना लागतील अशा फाइली आधीच उतरवून ठेवायच्या, जशी पावसाळ्यापूर्वीची बेगमी. दुसरी बतावणीची : जोडणी तुटली की स्थानिक यंत्राने सर्व्हरची भूमिका वठवायची आणि प्रत्येक बदल एका नोंदवहीत क्रमाने लिहायचा. तिसरी एकीकरणाची : जोडणी परतली की ती नोंदवही सर्व्हरवर पहिल्यापासून वाचून बदल लागू करायचे.

९/ कीर्द आणि खतावणी ठाऊक असलेल्या वाचकाला ही रचना परकी वाटणार नाही. दिवसभराचे व्यवहार क्रमाने कीर्दीत आणि नंतर त्यांची मांडणी खतावणीत. मोबाइलमधील अनेक ॲप आजही हेच करतात. ‘पाठवायचे बाकी’ असलेल्या बदलांची एक रांग यंत्रावर साठत राहते आणि नेटवर्क मिळताच ती क्रमाने रिकामी होते.

१०/ टीकाकारांचा आक्षेप उघड होता : सगळेच आपापल्या प्रतीत बदल करू लागले तर गोंधळ माजेल. जेम्स किस्लर आणि सत्यनारायणन यांनी तर्काने नव्हे, मोजणीने उत्तर दिले. कोडाच्या पूर्वसुरी असलेल्या एएफएस या प्रणालीवरील वर्षभराच्या वापराची त्यांनी पाहणी केली. ९९ टक्क्यांहून अधिक बदल त्या फाइलीत आधी बदल करणाऱ्यानेच केलेले होते. एका दिवसाच्या आत दोन वेगवेगळ्या व्यक्तींनी एकच वस्तू बदलण्याची शक्यता फार तर ०.७५ टक्के निघाली.

११/ या निष्कर्षाचे मोल मोठे आहे. त्याआधी सावधगिरी म्हणजे कुलूप : एक लिहितो आहे तोवर इतरांनी थांबायचे. कोडाने विश्वास टाकला : सगळ्यांनी लिहावे, क्वचित भिडले तर नंतर पाहू. अर्थात हे आकडे एका विद्यापीठातील फाइलींचे होते. ज्या नोंदीवर दहा माणसांचे हात असतात, तिथे ते जसेच्या तसे लागू होत नाहीत.

१२/ अशा सामायिक नोंदींचा अनुभव व्यापारजगताला दिला तो लोटस नोट्सने. इलिनॉय विद्यापीठातील प्लेटो या प्रणालीवर ‘नोट्स’ नावाचा चर्चाफलक होता. त्याच्या प्रभावातून रे ओझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सॉफ्टवेअर घडवले. १९८९ मध्ये ते बाजारात आले. प्रत्येक कार्यालयात माहितीची पूर्ण प्रत असे आणि दूरध्वनीच्या तारेवरून अधूनमधून मेळ घातला जाई.

१३/ दोघांनी एकच दस्त बदलला तर जो अधिक वेळा संपादित झाला तो मुख्य ठरे आणि दुसरा त्याच्याखाली ‘संघर्ष’ अशा शिक्क्यासह जपला जाई. हरलेला मजकूर नष्ट होत नसे, हे विशेष. थडग्यांचा प्रश्न मात्र इथेही आडवा आला. खोडल्याच्या खुणा ठरावीक मुदतीनंतर पुसल्या जात. एखादी प्रत त्याहून अधिक काळ मेळाविना राहून परतली, की खोडलेले दस्त पुन्हा सगळीकडे अवतरत. १९७५ ची भीती खरी ठरली होती.

१४/ १९९५ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रातून ‘बायू’ ही प्रणाली पुढे आली. तिच्या कर्त्यांनी बैठकीच्या खोलीचे उदाहरण घेतले. दोघांनी ऑफलाइन असताना एकच खोली एकाच वेळेसाठी राखली, तर कोणता मजकूर नवा हे पाहून काय उपयोग? म्हणून बायूत प्रत्येक बदलासोबत दोन गोष्टी जात : ‘ही वेळ अजून मोकळी आहे का’ ही तपासणी, आणि ‘नसेल तर दुसरी कोणती वेळ चालेल’ हा पर्याय.

१५/ बायूने आणखी एक सौजन्य दाखवले. प्रमुख सर्व्हरने शिक्कामोर्तब करेपर्यंत प्रत्येक नोंद ‘तात्पुरती’ मानली जाई आणि वापरकर्त्याला ते पडद्यावर दिसे. आजच्या निरोपाच्या ॲपमधील न पोहोचलेल्या निरोपाची खूण याच जातीची. ‘लिहिले गेले’ आणि ‘मान्य झाले’ यांत अंतर आहे, हे वापरकर्त्यापासून लपवू नये, असा त्यामागील विचार.

१६/ यानंतर ही कल्पना खिशात आली. १९९६ च्या पाम पायलटला एका बैठकीवर ठेवून कळ दाबली की संगणकाशी मेळ होई. एकच नोंद दोन्हीकडे वेगळी बदललेली असल्यास दोन्ही प्रती राहत. २००० मध्ये रिचर्ड हिप अमेरिकी नौदलाच्या विनाशिकांसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करीत होते. डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला की त्यांचा प्रोग्रॅम हतबल होई. सर्व्हरविना थेट फाइलीत लिहिणारा डेटाबेस त्यांनी रचला, तो एसक्यूलाइट. आज तो प्रत्येक अँड्रॉइड आणि आयफोनमध्ये आहे.

१७/ ब्राउझरची वाट मात्र ठेचाळत गेली. मे २००७ मध्ये गूगलने ‘गिअर्स’ हे जोडसॉफ्टवेअर आणले. गूगल रीडर हे वाचनाचे संकेतस्थळ त्यामुळे ऑफलाइन चालू लागले. पुढे एचटीएमएल ५ मध्ये ‘ॲप्लिकेशन कॅशे’ आली. तिचे नियम इतके ताठर होते की जोडणी उत्तम असतानाही वापरकर्त्याला जुनेच पान दिसे, आणि यादीतील एक फाइल अडली की सारी नवी आवृत्ती अडे.

१८/ जेक आर्चिबाल्ड यांनी २०१२ मध्ये तिच्यावर कडवट टीकालेख लिहिला. पुढे तेच पर्यायी ‘सर्व्हिस वर्कर’ या मानकाचे एक संपादक झाले. २०१४ मध्ये त्याचा पहिला मसुदा आला. पान आणि नेटवर्क यांच्यामध्ये बसणारा हा एक दुभाषा. कोणती मागणी साठवणीतून भागवायची, कोणती बाहेर पाठवायची, हे आता ॲप लिहिणाराच ठरवू लागला. साठवणीसाठीचे इंडेक्स्डडीबी हे मानक जानेवारी २०१५ मध्ये अधिकृत झाले.

१९/ मेळाचे काम मात्र उरलेच होते. लोटस नोट्सवर काम केलेल्या डेमियन कॅट्झ यांनी २००५ मध्ये काउचडीबी सुरू केले. त्यात संघर्ष झाल्यास सर्व प्रती एकाच नियमाने एकच विजेता निवडतात आणि पराभूत आवृत्ती जपून ठेवतात. २०११ मध्ये मार्क शापिरो आणि सहकाऱ्यांनी याहून धाडसी मांडणी केली : माहितीची रचनाच अशी करावी, की बदल कोणत्याही क्रमाने पोहोचले तरी शेवटी सगळ्या प्रती एकरूप होतील. या रचनांना ‘सीआरडीटी’ म्हणतात.

२०/ साधे उदाहरण मोजणीचे. एकच आकडा सगळ्यांनी बदलण्याऐवजी प्रत्येक यंत्राने फक्त स्वतःचा आकडा वाढवायचा आणि बेरीज सगळ्यांची करायची. मग भांडणच उरत नाही. पण या गणिताची सीमाही ध्यानात घ्यावी. ते सगळ्या प्रती सारख्या करील. बायूतील त्या एका खोलीत दोन बैठका मात्र बसवू शकणार नाही. तो निवाडा अखेर माणसांच्या गरजा जाणणाऱ्या नियमांचा किंवा माणसांचाच.

२१/ आणि एक प्रश्न मूळ प्रतीचा. ज्या गूगल रीडरने गिअर्सच्या बळावर ब्राउझरमधील ऑफलाइन वाचनाची आरंभीची वाट दाखवली, ते १ जुलै २०१३ रोजी बंद झाले. यंत्रावरील प्रत ही केवळ उसनी सावली होती. अस्सल वही कंपनीच्या दप्तरात. २०१९ मध्ये मार्टिन क्लेपमन आणि सहकाऱ्यांनी ‘लोकल-फर्स्ट’ या निबंधातून हा संबंध उलटा करण्याची मागणी केली : वापरकर्त्याच्या यंत्रावरील प्रत मुख्य आणि सर्व्हरवरची दुय्यम.

२२/ १९७५ पासूनचा हा प्रवास गुमास्त्याच्या पिशवीतील त्या वहीपाशी येऊन थांबतो. मेळ घालण्याची तंत्रे बदलली, वेगवान झाली. पण कोणाची नोंद राहील, कोणाची खोडली जाईल आणि खोडल्याची खूण कोण जपील, हे नियम लिहिणाऱ्या हातांत सत्ता असते. म्हणून पुढच्या वेळी टिपण दोन उपकरणांवर सारखे दिसेल, तेव्हा एवढे आठवावे : तिथे कोणीतरी, कोणत्यातरी नियमाने, एक निवाडा केलेला आहे.