कोपी

कोपी (स्त्री.; अनेकवचन कोप्या): ऊसतोड मजुरांचे हंगामापुरते राहुटीवजा घर. ‘कोपीवर’ म्हणजे तोडीच्या मुक्कामी. खोप, खोपी, खोपट, खोपटे ही त्याच कुळातली रूपे. सुगरणीचा खोपा त्यांतलाच. बहिणाबाई चौधरींच्या कवितेमुळे तो घरोघर पोचला, कोपी मात्र साखरपट्ट्यातच राहिली. रागाच्या अर्थाचा ‘कोप’ वेगळा. तो संस्कृत ‘कुप्’ धातूपासून आला.

जालना जिल्ह्यात हा शब्द ऐकायचा तर अंबड तालुक्यातले अंकुशनगर गाठावे. महाकाळा गावालगतची ही वसाहत समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती वाढली आणि माजी खासदार अंकुशराव टोपे यांच्या नावाने ओळखली जाते. पैठणचे जायकवाडी धरण 1976 मध्ये पुरे झाले, डाव्या कालव्याचे पाणी या पट्ट्यात आले आणि कोरडवाहू रानात ऊस उभा राहिला. उसामागून कारखाना आला, कारखान्यामागून कोप्या. याच जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे मात्र पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात. म्हणजे इथे कोपी हे पाहुण्याचेही घर आहे आणि गावकऱ्याचेही, फक्त दुसऱ्याच्या शिवारातले.

दिवाळीच्या आगेमागे गव्हाणीत मोळी पडते, म्हणजे कारखान्याचे गाळप सुरू होते, तेव्हा तळावर कोप्या उभ्या राहतात. बांबूच्या कामट्या कमानीसारख्या वाकवून दोन्ही टोके जमिनीत रोवायची, वर चटई अंथरून सुतळीने आवळायची, त्यावर पाचट किंवा प्लॅस्टिकचा कागद. दार इतके बुटके की आत शिरताना कंबरेत वाकावेच लागते. बाई खालची जमीन शेणाने सारवून घेते. आत धान्याचे डबे, पत्र्याची पेटी, वाकळा आणि बाळाची झोळी. बैलगाडीवाल्यांचे बैल समोरच बांधलेले, त्यांच्यापुढे उसाचे वाढे. चूल बहुधा दाराबाहेर, तीन दगडांची. पाचटाला ठिणगी लागली तर अख्खा तळ पेटायला वेळ लागत नाही.

इथे रशियन ‘इझ्बा’ आठवते. लाकडी ओंडक्यांच्या खेडवळ घराचे हे नाव. जुने रूप ‘इस्तबा’, जर्मन ‘श्टूबं’ (खोली) या शब्दाशी नाते सांगणारे, आणि मूळ अर्थ भट्टीने ऊबदार केलेली खोली. तिकडे आतल्या भट्टीनेच घराला नाव दिले, इकडे जाळ घराबाहेर ठेवावा लागतो. स्लाव्ह भाषांतला घरासाठीचा सर्वसामान्य शब्द ‘दोम’ मात्र आपल्या अधिक जवळचा आहे. वैदिक ‘दम’ म्हणजे घर. दोन्ही शब्द एकाच मुळाचे. ‘दंपती’मध्ये तो दम अजून शिल्लक आहे: घराचे धनी. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादम उचल (आगाऊ रक्कम) देतो ती कोयत्यावर, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. लग्न लवकर उरकण्यामागचे एक कारण या हिशेबात आहे.

कोपीला झोपडी म्हणणे बरोबर नाही. झोपडीला वस्ती असते, पत्ता असतो, कालांतराने पत्र्याचे छप्परही येते. कोपी पट्टा पडेपर्यंतची, म्हणजे हंगाम संपेपर्यंतची. कारखाना बंद झाला की कामट्या उपसून, चटई गुंडाळून गाडीत टाकतात. वीज, नळ, संडास यांची सोय बहुतेक तळांवर नाहीच किंवा नावापुरती. पहाटेच्या अंधारात उठण्याचा त्रास बायकांना सर्वांत जास्त. तोड शेतात, पण पाणी भरणे, भाकरी थापणे, पोर सांभाळणे हे सारे कोपीवर, आणि त्याची मजुरी कुणी मोजत नाही.

कोप्यांवर वाढणाऱ्या पोरांसाठी काही कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा चालल्या. पुढे 2021 मध्ये राज्य सरकारने संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आणली. मुलांनी आई-बापांबरोबर जाण्याऐवजी गावाकडे राहून शिकावे हा तिचा हेतू. तान्ही पोरे अर्थातच आईबरोबर कोपीवर येतात. हार्वेस्टर लागलेल्या शिवारात तोडीची माणसे कमी लागतात, तिथे कोप्याही कमी दिसतात.